व्यायाम झाला, झोप कुठं गेली?

(कळवा येथे वस्तीतील महिला मंडळं आणि व्यायाम गट यांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला आज ‘स्त्रिया आणि व्यायाम’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी तसं टिपणही काढून आणलं होतं. पण सकाळपासून गटागटांत बसले, तुमच्याशी बोलले आणि ते टिपण पिशवीतच ठेवलं. व्यायामाचे फायदे तुम्हाला माझ्याकडून ऐकायची गरज नाही. दिवसभर राबून, रात्री साडेआठला भांडी तशीच मोरीत ठेवून ज्या बाया समाजमंदिरात व्यायामाला येतात, त्यांना तो पटलेलाच आहे. तुमची तक्रार वेगळी होती, आणि चार वेगवेगळ्या गटांत मी ती जवळजवळ त्याच शब्दांत ऐकली. “ताई, व्यायाम केला की अंग दमतं, पण डोळा लागत नाही.”

एक मावशी म्हणाल्या, साडेअकराला आडवी होते, दीड वाजेपर्यंत पत्र्याकडं बघत पडते, आणि साडेचारला नळाला पाणी येतं. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी म्हणाली, “ज्या दिवशी जोरात पळते, त्या दिवशी तर मेल्यासारखी झोप यायला पाहिजे ना? उलट त्याच रात्री छाती धडधडत राहते, पाय जळतात.” आणि तिसरी जे बोलली, त्यामुळं मी विषय बदलला. ती म्हणाली, “घरी सांगितलं झोप येत नाही म्हणून, तर हे म्हणाले, मग बंद कर की तो नाच.”

बघा, बाईच्या दिवसात काहीही बिनसलं की पहिली कात्री कशाला लागते? स्वयंपाकाला नाही लागत, पाण्याला नाही, सासूबाईंच्या औषधपाण्याला नाही. तिनं स्वतःसाठी काढलेल्या पाऊण तासाला लागते. म्हणून मला वाटतं, व्यायामानंतर झोप का लागत नाही हे आपल्याला नीट कळलं पाहिजे. कारण कळलं तर उपाय करता येतो. नाही कळलं तर ‘बंद कर’ हाच एक उपाय उरतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. व्यायामानं झोप बिघडते हे खरं नाही. नियमित व्यायाम करणाऱ्यांची झोप एकंदरीत सुधारते, लवकर लागते, गाढ होते. हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. पण ‘एकंदरीत’ म्हणजे ‘दर रात्री’ नव्हे. कोणता व्यायाम, किती जोराचा, किती वाजता आणि त्यानंतर काय, यावर ती रात्र ठरते. स्वित्झर्लंडमध्ये झुरिचच्या संशोधकांनी 2019 साली संध्याकाळच्या व्यायामावरचे 23 अभ्यास एकत्र तपासले. संध्याकाळच्या व्यायामानं झोप बिघडत नाही, असं त्यांना आढळलं. अपवाद एकच : दमछाक करणारा व्यायाम झोपण्याच्या तासभर आधीपर्यंत चालला तर. पुढं 2025 साली ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या लोकांनी जवळजवळ पंधरा हजार माणसांच्या मनगटावरच्या पट्ट्यांतली वर्षभराची माहिती तपासली. त्यांचं म्हणणं थोडं अधिक कडक आहे. जोराचा व्यायाम झोपायच्या वेळेच्या चार तासांच्या आत संपला, तर झोप उशिरा लागते, कमी होते आणि रात्रीही हृदयाचे ठोके वाढलेले राहतात. हलक्या व्यायामाचं तसं नाही. आता असली महागडी पट्टी घालून झोपणाऱ्या त्या माणसांत आपल्या वाघोबानगरची किंवा घोलाईनगरची कुणी बाई असेल असं मला वाटत नाही. तरी शरीराची रीत सगळीकडं सारखीच, म्हणून त्यातून आपल्याला घेण्यासारखं आहे.

शरीराची ही रीत काय आहे? झोप यायच्या सुमाराला आपलं शरीर आतून थोडं थंड व्हायला लागतं. हातापायांच्या कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात, आतली उष्णता तिथून बाहेर जाते, आणि मग डोळे जड होतात. तान्ह्या बाळाला झोप आली की त्याचे तळवे कसे गरम लागतात, ते आठवा. व्यायामानं नेमकं उलटं होतं. शरीर आतून तापतं, आणि ते निवायला तास-दोन तास, कधी जास्तही लागतो. झुरिचमध्ये थंड हवा असते, खिडकी उघडली की काम झालं. आपल्याकडं मे महिन्यात किंवा ऑक्टोबरमध्ये खाडीवरची दमट हवा असते. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. त्यात दहा बाय बाराची खोली, दिवसभर तापलेला पत्रा, आणि एकुलता एक पंखा. त्या पंख्याखाली कोण झोपतं आणि ओट्याजवळ कोण झोपतं, हे मी सांगायला नको. म्हणजे झोप न येण्याचं कारण थोडं तुमच्या शरीरात आहे आणि थोडं घराच्या मांडणीत.

दुसरी गोष्ट मज्जातंतूंची. जोराची हालचाल म्हणजे शरीराच्या दृष्टीनं धावपळीचा प्रसंग. मागं वाघ लागला काय आणि सरांनी शिट्टी मारली काय, शरीराला फरक कळत नाही. ॲड्रेनॅलिन वाढतं, छातीचे ठोके वाढतात, सगळं अंग सावध होतं. व्यायाम थांबला म्हणून हे सगळं बटण दाबल्यासारखं बंद होत नाही. मोठ्या आवाजात गाणी, उड्या, टाळ्या, शेवटचं गाणं सर्वांत वेगाचं, आणि मग “चला, उशीर झाला” म्हणत सगळ्याजणी घराकडं पळतात. मी आपल्या दोन वर्गांना जाऊन बसले, तिथं हेच पाहिलं. घरी पोचल्यावर तो वेग उतरायच्या आत भांडी, ओटा, उद्याच्या डब्याची भाजी निवडणं. शरीराला ‘आता संपलं’ असा निरोप मिळतच नाही.

तिसरी गोष्ट पोटाची, आणि इथं मी जरा थांबणार आहे, कारण बायांच्या बाबतीत खरी मेख इथं आहे. कामावर जाणाऱ्या बायकांना मी विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? बहुतेकींनी हसून टाळलं. कळव्याहून धीम्या गाडीनं सीएसएमटीपर्यंत जायचं, तिथून कामाची जागा, परत येताना तसंच. वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही, मिळालं तर आत जाववेल याची नाही. म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. 2011 पासून मुंबईत ‘राइट टू पी’ ही मोहीम बायकांनी चालवली ती याच प्रश्नावर. तेव्हा काही लोकांना नाव ऐकून हसू आलं होतं. आज मी त्याचा संबंध झोपेशी जोडते आहे. दिवसभर तहानलेलं शरीर घेऊन तुम्ही व्यायामाला येता, घाम गाळता, आणि घरी गेल्यावर तांब्याभर पाणी एकदम पिता. मग पायात गोळे येतात, तोंड कोरडं पडतं, आणि मध्यरात्री दोनदा उठावं लागतं. वस्तीत ज्यांचं संडास घराबाहेर आहे, त्यांना रात्री उठणं म्हणजे नुसतं उठणं नसतं. कुणाला तरी सोबतीला उठवायचं, अंधारातून जायचं, कुणी टवाळ बसलेला नाही ना ते बघायचं. परत आल्यावर झोप कशी लागेल?

जेवणाचंही तसंच. दुपारी एक वाजता डबा खाल्लेला, संध्याकाळी चहा आणि फार तर दोन बिस्किटं. रात्री घरातल्यांची ताटं वाढून रिकाम्या पोटी व्यायाम, आणि दहा-साडेदहाला उरलंसुरलं जेवण. कधी भात जास्त उरला म्हणून जास्त खायचं, कधी आमटी संपली म्हणून लोणच्याबरोबर. भरल्या पोटी लगेच आडवं झालं तर जळजळ, आणि काहीच न खाता झोपलं तर भुकेनं तीन वाजता जाग. सगळ्यांच्या शेवटी जेवायची ही रीत आपण मोडायला हवी, हे आपण कित्येक शिबिरांतून म्हणत आलो आहोत. झोपेसाठीही तेच म्हणावं लागतंय.

आणि चहा. आता तुम्ही माझ्यावर चिडणार. चहा-कॉफीतलं कॅफीन पोटात गेल्यावर निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सात वाजता कामावरून येऊन घेतलेल्या चहाचा अर्धा अंश रात्री बारा वाजताही तुमच्या रक्तात आहे. ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात त्यांच्या शरीरातून तो आणखी हळू उतरतो, जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. आणि ही गोष्ट गोळी देताना सहसा कुणी सांगत नाही. चहा सोडा असं मी म्हणणार नाही. बाईला दिवसात एकदा कुणी तरी आयता दिलेला कप मिळाला तर तो तिनं जरूर घ्यावा. फक्त तो चारच्या आत मिळेल असं बघा. व्यायामशाळेतल्या मुली व्यायामाआधी ती पावडर पाण्यातून पितात, तिच्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच पावडरींत एका कप कॉफीपेक्षा जास्त कॅफीन असतं.

आता उपायांकडं येते. वर्तमानपत्राच्या पुरवणीत याचं उत्तर एका ओळीत असतं : ‘व्यायाम सकाळी करावा.’ लिहिणाऱ्याच्या घरी सकाळी डबे कोण भरतं, हे त्यात नसतं. केंद्र सरकारनंच 2024 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाचे सरासरी 289 मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. पुरुषाची, म्हणजे जो काही करतो त्या पुरुषाची, 88 मिनिटं. पाच वर्षांपूर्वी, 2019 च्या पाहणीत बाईची 299 होती. पाच वर्षांत दहा मिनिटं वाचली! आणि पुरुषाची 97 वरून 88 वर आली, म्हणजे तीही कमीच झाली. मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं सांभाळण्याचा वेळ यात धरलेलाच नाही, तो वेगळा. दुसरीकडं 2024 साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आकडे आले की भारतातल्या 57 टक्के बायकांची आणि 42 टक्के पुरुषांची शारीरिक हालचाल पुरेशी होत नाही. त्यावर लगेच बायका आळशी झाल्या असे लेख आले. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की आळशी कोण ते कळतं. तेव्हा सकाळी ज्यांना जमेल त्यांनी सकाळी जरूर करावा. खारेगाव-पारसिकनगरच्या काही जणी सहाला चालायला जातात, चांगलं आहे. पण ज्यांना रात्रीचा पाऊण तासच मिळतो, त्यांना ‘चुकीची वेळ’ म्हणून गप्प करू नका. त्या वेळेत काय करायचं ते बदलू.

रात्री साडेआठच्या वर्गात उड्या, पळणं, दम लागेपर्यंत नाच नको. ते रविवारी सकाळी किंवा सुट्टीच्या दुपारी उतरत्या उन्हात ठेवा. रात्री चालणं, ताणाचे व्यायाम, सावकाश केलेली आसनं, भिंतीला टेकून उठाबशा, हे सगळं चालेल. जोर किती, याची साधी खूण आहे. व्यायाम करता करता शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत जोर रात्री पुष्कळ झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, तो असाच. रोज धापा टाकायच्या असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही.

वर्गाची शेवटची दहा मिनिटं सक्तीनं शांत ठेवा. वेगाचं गाणं मधे, शेवटी नाही. हळूहळू चालणं, मग खाली बसून पोटऱ्या, मांड्या, कंबर, खांदे ताणायचे. मग आडवं पडून श्वास. आत घेताना चार मोजा, सोडताना सहा-सात. श्वास सोडणं लांबलं की ठोके उतरतात. उठण्याआधी मनगटावरची नाडी पंधरा सेकंद मोजा आणि चारानं गुणा. सुरुवातीला मोजलेल्या आकड्याच्या जवळपास आली असेल तर घरी जा. शिक्षिकांना मी विनंती करते, या दहा मिनिटांत सूचना, वर्गणी, पुढच्या सहलीचा हिशेब असलं काही काढू नका.

घरी गेल्यावर आंघोळ करायची तर कोमट पाण्यानं. बर्फासारख्या गार पाण्यानं कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आतली उष्णता आतच राहते. वर तरतरीही येते. कोमट पाण्यानं उलटं होतं, वाहिन्या सैल पडतात आणि नंतर अंग निवतं. आंघोळीइतकं पाणी नसेल तर बादलीत पावलं बुडवून पाच-दहा मिनिटं बसा. जुन्या बायका पायाला तेल चोळून झोपायच्या, तेही वाईट नाही. त्यात निदान दहा मिनिटं बसायला मिळतं. जेवणाचे दोन भाग करा. व्यायामाच्या तास-दीड तास आधी भाकरी-भाजी किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ आणि केळं, नंतर थोडं ताक-भात किंवा वरण-भात. पाणी सकाळपासून थोडं थोडं प्या, आणि झोपायच्या आधीच्या दोन तासांत घोटभरच.

अंथरुणात पडलं आणि वीस-पंचवीस मिनिटं झाली तरी झोप नाही, तर तळमळत पडू नका. उठून बसा. मंद उजेडात काही तरी कंटाळवाणं करा, लसूण सोला हवं तर. डोळे जड झाले की परत आडव्या व्हा. पडल्या पडल्या जागं राहायची सवय लागली की अंथरूण दिसलं की झोप उडते. मोबाइल हातात घेऊ नका. आमच्या पिढीत निदान आकाशवाणी अकरा वाजता बंद व्हायची. आता एकामागून एक रीळ संपतच नाही. सकाळी उठायची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. आणि संध्याकाळी गाडीत नशिबानं बसायला जागा मिळाली, तरी दादरपासून कळव्यापर्यंत गाढ झोपू नका, ती झोप रात्रीच्या खात्यातून वजा होते. हे बोलताना मला जीवावर येतंय. ती चाळीस-पन्नास मिनिटंच काहीजणींची खरी विश्रांती असते. ज्यांची रात्री एकूण पाच तासही झोप होत नाही, त्यांनी माझं हे वाक्य विसरावं आणि गाडीत झोपावं.

आता भरतीच्या मुली. त्या मागं बसल्यात, त्यांच्यासाठी थोडं वेगळं बोलते. महिला शिपाई पदासाठी 800 मीटर धावणं, 100 मीटर धावणं आणि गोळाफेक, मिळून पन्नास गुण. त्यात वीस गुण 800 मीटरचे. म्हणजे दम लागणारच, हळू पळून भागणार नाही. मग तुम्ही रात्री का पळता? मी विचारलं, तर म्हणाल्या, मैदान आधी मुलांकडं असतं. क्रिकेट संपतं साडेसातला, मग कबड्डीचे मुलगे, मग आम्ही. म्हणजे तुमची झोप तुमच्या शरीरानं नाही, मैदानाच्या वाटपानं बिघडवली आहे. हा प्रश्न श्वासाच्या व्यायामानं सुटणार नाही. मुलींच्या सरावासाठी संध्याकाळी पाच ते साडेसहा मैदान आणि त्यानंतर रस्त्यावर दिवे, असा अर्ज महापालिकेकडं आणि मैदान चालवणाऱ्या मंडळाकडं आपण सगळ्यांनी मिळून द्यायचा आहे. तोवर एवढं करा. जोराचं पळणं आठवड्यात तीनच दिवस, एक दिवसाआड. त्यातले दोन दिवस सकाळी जमवा, आयांनी त्या दोन दिवशी मुलीला पाण्याच्या रांगेतून सूट द्यावी. भावाला उठवा. बाकीचे दिवस गोळा, ताकदीचे व्यायाम, हलकं चालणं. रोज जोर लावला, झोप कमी झाली, तर वेळ सुधारायच्या ऐवजी उतरते. स्नायू भरून निघायचं काम झोपेतच होतं. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच नाडी मोजत जा. चार-पाच दिवस ती नेहमीपेक्षा बरीच जास्त लागली, अंग मोडून आलं, पाळी लांबली, तर समजा की सराव झेपत नाही आणि खाणं पुरत नाही. पाळी बंद झाली तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणू नका. हाडं कमकुवत होतात. डॉक्टरकडं जा.

काही वेळा दोष व्यायामाचा नसतोच, व्यायामामुळं तो फक्त दिसतो. रात्री पडल्यावर पायात मुंग्या, वळवळ, सारखे हलवावेसे वाटतात, उठून चाललं की बरं वाटतं. याचं एक मोठं कारण शरीरात लोह कमी असणं. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत हे निघालं. म्हणजे या सभागृहात निम्म्याहून जास्त. तेव्हा हिमोग्लोबिन, जमलं तर फेरिटीनही तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून, चहापासून दूर ठेवून घ्या. पंचेचाळीशी ओलांडलेल्यांना रात्री एकदम भडका उठतो, घामानं चादर भिजते. ती पाळी जाण्याची खूण, त्यावर उपचार आहेत, सोसत बसू नका. थायरॉइड वाढलेलं असेल तरी धडधड आणि जागरण होतं. घोरणं मोठं, मधेच श्वास अडकून जाग, दिवसभर पेंग, हे पुरुषांचंच दुखणं आहे असं समजतात, ते बायांनाही होतं. व्यायाम करताना छातीत दुखलं, चक्कर आली, ठोके चुकले, तर झोपेचं राहू द्या, आधी तपासणी. आणि आठवड्यात तीन-तीन रात्री असं तीन महिने चाललं तर तो निद्रानाशच, त्यावर सल्ला घ्यायला हवा. त्याचा पहिला उपचार गोळी नसतो. सवयी आणि विचार बदलण्याची एक पद्धतशीर उपचारपद्धती आहे, आज जगभर तीच आधी सांगतात. कळव्यातच महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, तिथं दाखवता येईल. मनाचा ताण फार असेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. शेजारणीच्या पाकिटातली झोपेची गोळी मात्र घेऊ नका. मागून सुटत नाही.

एक बाई गटात काहीच बोलल्या नाहीत, चहाच्या वेळी बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताई, मी व्यायामामुळं जागी नसते. ते पिऊन यायचे असतात, दार उघडावं लागतं, आणि कसे येतील ते सांगता येत नाही.” त्यांचं नाव-गाव मी सांगणार नाही, आणि इकडंतिकडं बघूही नका. अशा घरात झोप न लागणं हा आजार नाही, ती राखण आहे. तिथं कोमट पाण्याचा काय उपयोग? अशा बहिणींसाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, 181 हा क्रमांक आहे, आणि त्याहून आधी आपण आहोत. व्यायामाचा वर्ग तिच्यासाठी घराबाहेर पडायची एकमेव सबब असू शकते. म्हणून वर्ग बंद पडता कामा नये.

ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली, आणि 1890 साली रविवारची सुट्टी मिळाली. त्या वर्षी मुंबईत कामगारांची जी मोठी सभा झाली, तिच्यात दोन कामगार बायकाही बोलायला उभ्या राहिल्या होत्या. विश्रांती ही मागण्याची गोष्ट आहे, हे त्यांना तेव्हा कळलं होतं. सव्वाशेच्या वर वर्षं झाली, पण रविवारी आपल्या घरात काय होतं? मटण आणि पाहुणे. म्हणून माझी सूचना आहे की व्यायामाच्या दिवशी रात्रीची भांडी घरातल्या दुसऱ्या कुणी घासायची, हे प्रत्येकीनं घरी बोलून ठरवावं. भांडणाच्या सुरात नको, पण विनवणीच्या सुरातही नको. भांडी वीस मिनिटांची असतात. पण ती वीस मिनिटं गेली की व्यायाम आणि अंथरूण यांच्यात शांत बसायला जागा होते, आणि सगळ्यात जास्त गरज तिचीच आहे. एका गटातल्या मैत्रिणीनं हे करून पाहिलं. पहिल्या आठवड्यात कढईला खरकटं तसंच राहिलं, ती उठून परत घासायला गेली नाही, डोळे मिटून पडून राहिली. तिला विचारा किती अवघड गेलं ते!

आता कामाचं सांगते. समाजमंदिराचा वर्ग पुढच्या महिन्यापासून साडेसातला सुरू करता येईल का, यासाठी हॉल सांभाळणाऱ्यांशी बोलायला तिघीजणी हव्यात. मैदानाच्या अर्जावर सह्या गोळा करायला भरतीच्या मुली आणि त्यांच्या आया जातील. दारापाशी टेबलावर झेरॉक्स केलेले कागद ठेवलेत. पंधरा दिवस भरायचेत : व्यायाम किती वाजता संपला, कसला होता, शेवटचा चहा कधी, जेवलात कधी, आडव्या कधी झालात, झोप साधारण कधी लागली, किती वेळा उठलात आणि कशासाठी. शेवटच्या रकान्यात नवऱ्यासाठी उठलात, मुलासाठी की पाण्यासाठी, तेही लिहा. लिहिता येत नसेल तर नातीकडून भरून घ्या. प्रत्येकीनं दोन कागद न्या, एक आपला आणि एक सासूबाईंचा. त्यांनाही झोप लागत नाही, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नाही.